नेमात अब्लांच्या टाचणवह्या

आमच्या दसूक गावच्या मुलींच्या वाणिज्य शाळेत तपासनीस येतो तेव्हा आधी टाचणवही मागतो. मग बाईंकडे बघतो. वेळ उरला तर वर्गात डोकावतो. वहीला चकचकीत वेष्टण लागतं, समासाला लाल रेघ लागते, पानाच्या डोक्यावर हिजरी आणि ख्रिस्ती अशा दोन्ही तारखा लागतात. उद्दिष्टं, साधनं, प्रस्तावना, विवेचन, मूल्यमापन, गृहपाठ. एकही रकाना रिकामा नको. छापील टाचण चालत नाही. हाताने लिहिलं म्हणजे मनाने तयारी केली, असा तिथला समज आहे. वर्ग रिकामा असला तर चालतं. तिसऱ्या वर्षाच्या निम्म्या मुली तशाही घरीच असतात.

साबरीनला हे सगळं माहीत होतं. ती याच शाळेत शिकली होती.

या शाळेत कुणी हौसेने येत नाही. नववीला मार्क कमी पडले की मुलगी इथे येते आणि जन्मभर ‘डिप्लोमावाली’ होऊन राहते. मागणी घालायला आलेली माणसंसुद्धा बैठकीत विचारतात, “डिप्लोमा का?” आणि चहाचा पेला अर्धा ठेवून उठतात. साबरीनचे मार्क तापामुळे गेले होते. पण गुणपत्रिकेवर ताप लिहिलेला नसतो.

तिचे वडील अश्री पाट्या रंगवायचे. मशिदीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, अजून आहे. दुकानांच्या पाट्या, लग्नाचे कापडी फलक, मौलिदच्या जत्रेतल्या शुभेच्छा. पुढे छपाईचं यंत्र आलं आणि गल्लीत फ्लेक्स लटकले. अश्री मात्र रोज ब्रश धुऊन वाळत ठेवत राहिले. साबरीनला बोरू धरायला त्यांनीच शिकवलं. शीर्षक लिहून झालं की खाली ते तीन फटकारे मारत, एक लांब, दोन आखूड. तीही मारायला लागली. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरात ‘अश्री’ लिहीत. गिऱ्हाईक कुरकुरायचं, “दुकान माझं आणि नाव तुझं?”

“दुकान तुझंच आहे, बाबा,” ते म्हणायचे. “अक्षर माझं आहे.”

शाळेतल्या पहिल्या वर्षी व्यापारी पत्रव्यवहाराच्या तासाला नेमात अब्ला साबरीनच्या बाकाशी थांबल्या. शाळेत सगळ्याच बाईंना अब्ला म्हणतात, पण नुसतं ‘अब्ला’ म्हटलं की त्या काळी नेमात अब्लाच समजायच्या. उंच, ताठ, खांद्यावर खडूची पूड. त्यांनी वही उचलली.

“हे तू लिहिलंस?”

“हो, अब्ला.”

“इथे काय करतेस मग?”

वर्ग हसला. अब्ला हसल्या नाहीत. “तू शिक्षिका होशील,” त्या म्हणाल्या. “इथेच. मी जाईन तेव्हा माझ्या जागेवर तू उभी राहशील.”

पंधरा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरलं. ती शाळेत पहिली आली. डिप्लोमावाल्यांना विद्यापीठात जायला वेगळी परीक्षा द्यावी लागते, तीही तिने दिली. चार वर्षं तांता शहरात मायक्रोबसने येऊन-जाऊन वाणिज्य शाखेची पदवी घेतली. मग अध्यापनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. सराव पाठांसाठी शाळा निवडायची होती. बाकीच्या मुलींनी घराजवळच्या शाळा लिहिल्या. साबरीनने हीच लिहिली.

ऑक्टोबरात, मौलिदचे मांडव अजून उतरले नव्हते तेव्हा, ती छात्राध्यापिका म्हणून फाटकातून आत आली. शिपाई जाबर काकांनी तिला ओळखलं. “अरे, ही तर अश्रीची! परत नापास झालीस की काय?”

“शिकवायला आलेय, काका.”

“मग तर कायमचीच अडकलीस,” ते म्हणाले आणि तिच्यासाठी चहा सांगितला.

तिची मार्गदर्शक शिक्षिका नेमात अब्लाच होत्या. वर्षअखेरीस त्यांच्या आणि तपासनीसांच्या, अशा दोन सह्यांवर तिचा निकाल ठरणार होता. त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती. पुढच्या सत्रासाठी तासिका तत्त्वावर दोन शिक्षिका घ्यायच्या होत्या आणि त्यांची नावं तपासनीसच सुचवणार होते. तासिका तत्त्वावर म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी पण पाय आत राहतो. साबरीनला तो पाय आत ठेवायचा होता. दुसरं काही तिने मागितलं नव्हतं.

अब्ला साठीला टेकल्या होत्या. जूनमध्ये निवृत्ती. त्याआधी सगळ्यात वरच्या श्रेणीची पदोन्नती मिळायची होती. फाइल पुढे गेली होती, फक्त या वर्षाचा तपासनीसांचा शेरा बाकी होता. अजून ताठ होत्या. पण फळ्यावर फार लिहीत नव्हत्या. मुलींपैकी एखादीला उठवायच्या, “तू लिही गं.” चहा आला की पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवून वाकून प्यायच्या. तिसऱ्या दिवशी जाबर काकांनी चहा थेट त्यांच्या हातात दिला. पेला बशीवर वाजायला लागला. टिक टिक टिक. अब्लांनी तो घाईने खाली ठेवला आणि साबरीनकडे बघितलं.

“दार लाव,” त्या म्हणाल्या.

तिने दार लावलं.

“दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतो, वाढत जाईल. कळलं तर मला वैद्यकीय मंडळापुढे बसवतील आणि घरी पाठवतील. श्रेणी मिळायच्या आधी.” त्यांनी ड्रॉवर उघडून टाचणवही काढली. आदल्या वर्षापर्यंतची पानं कशीबशी सरळ होती. साबरीनने या वर्षीचं पहिलं पान उघडलं. अक्षरं काट्याकुट्यांसारखी वेडीवाकडी पसरली होती, ओळ उतरत उतरत समासाबाहेर गेली होती.

“तुझं अक्षर अजून तसंच आहे का?” अब्लांनी विचारलं.

अशी सुरुवात झाली. आधी एक पान. मग एक आठवडा. मग तिन्ही इयत्तांच्या तीन वह्या. अब्ला सांगायच्या आणि साबरीन लिहायची. पुढे पुढे अब्लांना सांगावंही लागेना. पान फाडून नवी वही घातली, चंदेरी वेष्टण चढवलं. दुपारची नमाज झाली की ती वडिलांच्या दुकानात टेबल पुसून बसे. आधी अब्लांच्या तीन वह्या, मग स्वतःची. शीर्षकाखाली तीन फटकारे. हात आपोआप जायचा, थांबवायचं तिला कधी सुचलंच नाही.

पान पूर्ण झालं की अब्ला म्हणायच्या, “तुझे हात सलामत राहोत, पोरी.” इकडे सगळेच असं म्हणतात, भाजी निवडून दिली तरी म्हणतात. पण अब्ला तिचे हात हातात घेऊन म्हणायच्या. त्यांचा कंप तिच्या बोटांत उतरायचा.

अश्री एक दिवस ब्रश धुता धुता म्हणाले, “कुणाच्या वह्या?”

“अब्लांच्या.”

“त्यांना हात नाहीत?”

“आहेत, बाबा. वेळ नाही.”

खोटं बोलताना तिने मान वर केली नाही. अश्री म्हणाले, “माझं अक्षर लोक रस्त्याच्या पलीकडून ओळखतात. तुझंही ओळखतील,” आणि ब्रश उन्हात ठेवला. ते कौतुकाने बोलले असं तिला वाटलं.

वर्ग तिला आवडायचा. मुलींनी पहिल्यांदा “साबरीन अब्ला” म्हटलं तेव्हा तिने मागे वळून बघितलं होतं, दुसरं कुणी आलं की काय म्हणून. पुस्तकातला धडा ती पुस्तकातून घेत नव्हती. विक्रीकला शिकवायची तर मौलिदमधल्या हलवेवाल्याची नक्कल करायची. वाटाघाटी शिकवायच्या तर विचारायची, “तुझी आई मासळीवालीशी कशी भांडते, करून दाखव.” दुसऱ्या वर्षाच्या ‘ब’ तुकडीची हजेरी वाढली. तिच्या तासाला मुली शेजारच्या तुकडीतून येऊन बसायच्या. करीमा मॅडम, मुख्याध्यापिका, एकदा दारातून ओरडल्या, “ही शाळा आहे की बाजार?”

मागच्या बाकावरून रुकैयाने हळूच म्हटलं, “वाणिज्य शाळा आहे, मॅडम.”

तपासनीस मार्चमध्ये आले. मुनीर साहेब. जिल्ह्यात नवे होते. नीटनेटका माणूस, बोलण्यात आवाज चढत नसे, सारखा चष्मा पुसायची सवय. आधीच्या तपासनीसांसारखा त्यांनी जेवणाचा विषय काढला नाही. ते सरळ वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसले. नेमात अब्ला भिंतीशी उभ्या राहिल्या, पर्स पोटाशी धरून.

धडा होता ‘ग्राहकाशी व्यवहार’. साबरीनने टेबलावर हरभऱ्याच्या हलव्याचे दोन पुडे ठेवले आणि बसमला नावाच्या मुलीला दुकानदार केलं. रुकैया म्हातारी गिऱ्हाईक झाली. तिने रुमाल कपाळावर ओढला, कमरेवर हात ठेवला.

“या हाजीबाई, चाखून बघा.”

“चाखताना दात पडला तर तू देशील का?”

“तुमच्यासाठी मऊ ठेवलाय. सकाळीच बाजूला काढला.”

“मी येणार हे तुला कुणी सांगितलं?”

“मनाला कळतं, हाजीबाई.”

“मनाला कळतं! शेजारच्या दुकानात याच्यापेक्षा ताजा आहे.”

“शेजारचा माझा मामा. ताजा संपला की तो माझ्याकडूनच नेतो.”

वर्ग खदखदला. मुनीर साहेब चष्मा काढून डोळे पुसायला लागले. साबरीनने हात वर केला आणि मुलींना थांबवलं. “बसमला एकदाही ‘नाही’ म्हणाली का? आठवा. का नाही म्हणाली?”

मग खिडकीपाशी बसणारी, वर्षभरात तोंड न उघडलेली एक मुलगी उठली. “नाही म्हटलं की गिऱ्हाईक जातं, अब्ला. आणि पुढच्या खेपेला दुकानासमोरून जाताना मान फिरवतं.”

“अब्ला,” बसमला टेबलामागून म्हणाली, “लग्नानंतर नवऱ्यालाही गिऱ्हाईकच समजायचं का?”

“समज, पण पुडा आधी देऊ नकोस,” साबरीन म्हणाली.

मुनीर साहेब मोठ्याने हसले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. बाहेर पडताना ते करीमा मॅडमना म्हणाले, “या मुलीचं नाव मला पूर्ण लिहून द्या.” साबरीनने ते ऐकलं. पुढची दहा मिनिटं ती सुखात होती. नंतर ती आम्हा मैत्रिणींना म्हणाली, “दहा मिनिटं. घड्याळ लावून मोजावं एवढं नक्की.”

मग सगळे शिक्षककक्षात बसले. टेबलावर नेमात अब्लांच्या तीन वह्या ठेवल्या होत्या. मुनीर साहेबांनी एकेक उघडली, तारखा बघितल्या, हिरव्या शाईने सही केली. “सुंदर,” ते म्हणाले. करीमा मॅडम म्हणाल्या, “नेमात मॅडमच्या वह्या जिल्ह्यात नमुना म्हणून नेतात, साहेब.” हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत नेत होते.

मग त्यांनी साबरीनची वही ओढली. पहिलं पान उघडलं. थांबले. परत अब्लांची वही उघडली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. चष्मा पुसला. त्यांचं बोट शीर्षकाखालच्या तीन फटकाऱ्यांवर आलं. एक लांब, दोन आखूड. मग दुसऱ्या वहीतल्या तीन फटकाऱ्यांवर गेलं.

“ही कुणी लिहिली?”

“मी, साहेब,” साबरीन म्हणाली.

“आणि ही?”

त्यांनी अब्लांची वही वर उचलली.

“चौतीस वर्षं शिकवलेल्या बाई आणि पाच महिन्यांची छात्राध्यापिका,” मुनीर साहेब म्हणाले. “दोघींचं अक्षर एक?” त्यांनी नेमात अब्लांकडे बघितलं आणि हसले. हसणं मायेचं होतं. “मॅडम, तुम्ही मुलींना फार लाडावता. सांगायचं, समजवायचं, ठीक. पण सबंध वही लिहून द्यायची? मग तिने काय केलं?”

साबरीनने अब्लांकडे बघितलं. आता त्या बोलतील असं तिला वाटलं. एकच वाक्य बोलायचं होतं. अब्लांची पर्स मांडीवर होती आणि दोन्ही हात पर्सखाली.

“साहेब, वही माझीच आहे,” साबरीन म्हणाली. “मीच...”

“वाद कशाला?” त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला, वर स्वतःचं पेन ठेवलं. “आजची तारीख लिही. आणि धड्याचं नाव. दोनच ओळी.”

तिने पेन उचललं.

तेव्हाचं तिने आम्हाला पुष्कळ वेळा सांगितलं, आणि दर वेळी एवढंच. पेन चांगलं होतं. कागद गुळगुळीत होता. दोन ओळी लिहायला तिला श्वास घेण्याएवढा वेळ लागला असता. पण त्या दोन ओळी लिहिल्या की तोच कागद टेबलाच्या पलीकडे जाणार होता. साहेब न्यायाने वागणारा माणूस होता. एकीला लिहायला लावलं तर दुसरीलाही लावणार. अब्लांना पेन धरावं लागणार.

तिने पुन्हा वर बघितलं. अब्ला तिच्याकडे बघत नव्हत्या. पेनाकडे बघत होत्या. पर्सची पितळी कडी वाजत होती, अगदी बारीक. टिक टिक टिक. खोलीत तो आवाज काय आहे ते फक्त दोघींना माहीत होतं.

साबरीनने लिहिलं. वाईट लिहिणं तिला येत नव्हतं, म्हणून तिला माहीत असलेलं एकच वाईट अक्षर तिने लिहिलं. ऑक्टोबरात ड्रॉवरमधल्या पानावर बघितलेलं. काट्याकुट्यांसारखं, समासाबाहेर उतरत गेलेलं. शीर्षकाखाली काही काढलं नाही.

मुनीर साहेबांनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला.

“धडा छान घेतलास,” ते म्हणाले. “त्याचंच जास्त वाईट वाटतं.” आणि कागद घडी करून फाइलीत ठेवला.

जिन्यात अब्लांनी तिचं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, साबरीन अजून शपथेवर सांगते. “फक्त रविवारपर्यंत थांब. मी साहेबांशी एकटी बोलते. पदोन्नतीचा कागद सही होऊन आला की दुसऱ्याच दिवशी. माझ्यावर विश्वास आहे ना?”

“आहे, अब्ला.”

“तुझे हात सलामत राहोत.”

रविवार आला, शाळेच्या आठवड्याचा पहिला दिवस. अब्ला रजेवर होत्या. मंगळवारी आल्या, पण परीक्षेच्या कामात होत्या. पुढच्या रविवारी त्यांनी तीन वह्या पुढे केल्या. उरलेला महिना भरायचा होता. साबरीनने भरला.

हे ऐकल्यावर आम्ही तिला शिव्या घातल्या. ती म्हणाली, “वही अर्धी राहिली असती तर?” जणू आम्हीच खुळे.

एप्रिलमध्ये अब्लांची पदोन्नती झाली. शाळेत शरबत वाटलं. साबरीनलाही पेला मिळाला. दोन दिवसांनी ती बसबूसाचा, रव्याच्या मिठाईचा पुडा घेऊन अब्लांच्या घरी गेली. सुनेने दार उघडलं, पण अर्धंच.

“अम्मी झोपल्यात,” ती म्हणाली.

“उठल्या की सांगा, साबरीन आली होती.”

“सांगते हं. पुडा कशाला आणलात?” म्हणत तिने पुडा घेतला.

आत टीव्ही चालू होता. आणि टीव्हीच्या आवाजाखालून पेला बशीवर वाजत होता. साबरीन दार बंद झाल्यावरही थोडा वेळ तिथे उभी राहिली. पेला खाली ठेवला गेला. परत उचलला गेला. मग ती जिना उतरली.

मे महिन्यात निकाल लागला. शेरा तीन ओळींचा होता. पाठ जिवंत. टाचणवही स्वतःची नाही, हस्ताक्षर अत्यंत खराब. या वर्षी शिफारस नाही, सराव पाठांचं वर्ष पुन्हा करावं. खाली हिरव्या शाईत मुनीर साहेबांची सही. तिच्या शेजारी मार्गदर्शक शिक्षिकेची सही, निळ्या शाईत, वेडीवाकडी, रकान्याबाहेर गेलेली.

सही तेवढी अब्लांनी स्वतः केली होती.

तासिका तत्त्वावरच्या दोन जागा दुसऱ्या दोघींना गेल्या. त्यातल्या एकीने सबंध वर्षात चार तास घेतले होते. पण तिची वही तिची होती.

तेव्हा कुठे साबरीनने वडिलांना सगळं सांगितलं. अश्री ओरडले नाहीत. त्यांनी दुकानाचं निम्मं शटर ओढलं आणि स्टुलावर बसले.

“सगळ्या मिळून किती पानं लिहिलीस?”

“मोजली नाहीत.”

“कोपऱ्यात कुठे नाव टाकलंस?”

“टाचणवहीत कुणी नाव टाकतं का, बाबा?”

अश्रींनी टेबलावरचा बोरू उचलून पुसला. मग म्हणाले, “तुला बोरू धरायला शिकवलं. हे शिकवायचं राहिलं.” त्यांना स्वतःचाच राग आला होता, आणि ते तिला जास्त लागलं.

सराव पाठांचं वर्ष तिने पुन्हा केलं नाही. शुल्क जमलं असतं. ती म्हणाली, जमलं असतं, पण कुठल्या अक्षरात लिहायचं? साहेबांच्या फाइलीत एक आहे, आणि हातात दुसरं. आता ती शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात बसते. ऑक्टोबरात नव्या छात्राध्यापिका वेष्टणाचे कागद घ्यायला येतात. “अब्ला, तपासनीसाला चंदेरी आवडतं की सोनेरी?” त्यांना तिच्याबद्दल काही माहीत नसतं, वयाने मोठी म्हणून अब्ला म्हणतात. ती दोन्ही काढून दाखवते. कुणी फार हुशारीने बोलली तर विचारते, “वही कोण लिहितं तुझी?” मुलगी गोंधळते. साबरीन सुट्टे पैसे परत देते.

पण हे नंतरचं. त्याआधी जून आला आणि नेमात अब्लांच्या निरोपाचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी दुपारी जाबर काका अश्रींच्या दुकानात आले. हातात जाड पिवळसर कागद, सोनेरी किनारीचा, आणि करीमा मॅडमची चिठ्ठी. सन्मानपत्र लिहून हवं होतं. छापणाऱ्याने नाव चुकवलं होतं आणि आता वेळ नव्हता.

“मॅडम म्हणाल्या, अश्रीकडून नाही, पोरीकडून लिहून आण. वर्षभर फलक तिनेच लिहिले ना शाळेचे,” जाबर काका म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं. त्यांनी मान खाली घातली. “मी आपला निरोप्या आहे गं.”

अश्री ब्रश पुसत होते. “लिही नाहीतर लिहू नकोस,” ते म्हणाले. “दोन्ही चालतील.”

साबरीनने टेबल पुसलं. बोरू घेतला, शाईत बुडवला, काठावर टेकवला. मजकूर चिठ्ठीत होता. चौतीस वर्षांच्या निष्ठावान सेवेबद्दल. पिढ्या घडवल्याबद्दल. प्रामाणिकपणाचा आदर्श म्हणून.

तिने सावकाश लिहिलं. एकेक अक्षर. काट्याकुट्यांसारखं, उतरत उतरत सोनेरी किनारीपर्यंत गेलेलं. एकदाही हात चुकला नाही. शीर्षकाखाली फटकारे मारले नाहीत.

जाबर काका वाकून बघत होते. त्यांना वाचायला थोडं थोडं येतं. “हे काय गं? तुझं अक्षर तर मोत्यासारखं.”

“नाही, काका. माझं अक्षर अत्यंत खराब आहे. शाळेच्या दप्तरी नोंद आहे, जाऊन बघा.”

“मॅडम मला मारतील.”

“मॅडम उघडून बघणार नाहीत. रिबीन बांधून देते.”

अश्री टेबलापाशी आले. त्यांनी कागद बघितला, मग मुलीकडे बघितलं. त्यांना हे अक्षर ओळखीचं नव्हतं, पण कुणाचं असेल ते कळलं. त्यांनी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“नाव टाक.”

तिने टाकलं. बारीक, सरळ, स्वतःच्या अक्षरात. ‘साबरीन अश्री’. शाई वाळल्यावर तिने रिबीन बांधली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. संध्याकाळी जाबर काका खुर्च्या परत करायच्या हातगाडीबरोबर गल्लीतून चालले होते. तिने त्यांना थांबवलं.

“दिलं?”

“दिलं. सगळ्यांसमोर. मॅडम म्हणाल्या, वाचून दाखवा. अब्लांनी रिबीन सोडली, उघडलं, बघितलं.”

“मग?”

“कोपऱ्यात बघत राहिल्या. बराच वेळ.” जाबर काकांनी गाडीच्या दांड्यावरचा हात बदलला. “मग गुंडाळून ठेवलं. लोक म्हणाले, भरून आलं बाईंना. टाळ्या वाजवल्या.”

“काही बोलल्या?”

“नाही. मी शरबत नेलं तर म्हणाल्या, नको. दोन्ही हात त्या कागदावर होते ना.”

साबरीनने मान हलवली. हातगाडी पुढे गेली. आत अश्री दिवसभराचे ब्रश धूत होते. तिने त्यांच्या हातातला डबा घेतला आणि नळाखाली धरला.